शेजारीण आणि संत्र्याची साल

४ जानेवारी

बारकीस,

वहिनीचा आशीर्वाद. आधी काहीतरी खाऊन घे, मग वाच. रिकाम्या पोटी वाचलेलं डोक्यात राहत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तुझा दादा मध्येच येतो, बारकी का, दे इकडे म्हणतो, आणि तुम्ही बहीणभाऊ हवापाण्यावर बोलून फोन ठेवून देता. माझं सांगायचं ते घशातच राहतं. कागद पाठकोरा आहे. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीची सूचना आहे, ती वाचून घाबरू नकोस, टाकी धुऊन झाली.

मागच्या खेपेला भाजी निवडता निवडता तू सांगत होतीस की माणसाच्या पेशीत एक जनुक असतो, तो गाठींना आवर घालतो, आणि तो किती काम करतोय ते तू मशीनवर मोजतेस. मी तेव्हा नुसतं हं हं केलं, कारण फ्लॉवरमध्ये अळी होती. आता मुद्दाम विचारते.

आमच्या शेजारी एक बाई राहते. कामसू आहे, देवाचं करते, संसारात कणभर वाया जाऊ देत नाही. स्वभावानं म्हणशील तर माझ्यासारखीच, जरा अधिक चांगली. तिच्या छातीत काखेच्या बाजूला एक गाठ हाताला लागली आहे. हरभऱ्याएवढी. दुखत नाही, खुपत नाही. तर तिचा तो आवर घालणारा जनुक जागा आहे की झोपलाय, एवढं तुझ्या मशीनवर बघून देशील का, असं ती विचारते. रक्त लागलं तर देईल. रक्ताच्या बाबतीत ती चिकट नाही.

डॉक्टरकडे जाणारच नाही असं ती म्हणत नाही. जपाचा संकल्प धरला आहे, तो पुरा झाला की बघू म्हणते. दादाला यातलं काही कळवू नकोस. परक्या बाईच्या गाठीची चर्चा पुरुषांत शोभत नाही.

तुझी,
वहिनी

१३ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. बिस्किटं खाल्ली, मग वाचलं.

माझं मशीन तुमच्या शेजारणीच्या कामाचं नाही. मी माणसं मोजत नाही, ताटलीत वाढवलेल्या पेशी मोजते. तेही कसं, ते सांगते. जनुक म्हणजे आतल्या खोलीत बसलेला मालक. तो स्वतः बाहेर येत नाही, कामाच्या चिठ्ठ्या पाठवतो. चिठ्ठ्या पुष्कळ असल्या तर मालक जागा, कमी असल्या तर पेंगतोय. मी त्या चिठ्ठ्या मोजते. त्या इतक्या नाजूक की उघडं बोट लागलं तरी विरघळून जातात. म्हणून हातमोजे, बर्फ, वेगळं टेबल, शिंकायचं ते बाहेर जाऊन. आमचं सोवळं बघून तुम्ही खूश व्हाल.

मशीन काय करतं, तर चिठ्ठीच्या नकला काढतं. एकीच्या दोन, दोनाच्या चार. नकला पुरेशा झाल्या की उजेड पडतो. जिथे उजेड लवकर, तिथे मुळात चिठ्ठ्या जास्त. पण एका ताटलीत पेशी जास्त असतात, दुसरीत कमी, मग तुलना कशाशी करायची? त्यासाठी आम्ही घरकामाचा जनुक धरतो. पेशीची रोजची झाडलोट, रांधणं, वाढणं करणारा. तो कधी कमीजास्त होत नाही, त्यामुळे त्याच्याशी ताडून बाकीच्यांचं ठरवतो.

आता खरी बातमी. आमच्या सरांना फळांच्या सालींचं वेड आहे हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या आठवड्यात संत्र्याच्या सालीचा अर्क पेशींवर घातला, आणि वहिनी, तो गाठींना आवर घालणारा जनुक सातपट झाला. सातपट. सर खुर्चीतून दोनदा उठले, दोन्ही वेळा कशासाठी ते विसरून पुन्हा बसले. मोठ्या बैठकीत त्यांनी आकडा सांगूनही टाकला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा लंबू कधी हसत नाही, तोसुद्धा म्हणाला, बरं आहे.

शेजारणीला म्हणावं डॉक्टरला दाखवून घ्या. बहुतेक गाठी साध्या असतात, पण ते बघितल्याशिवाय कळत नाही. पळते, मशीन वाजलं.

तुमची,
बारकी

२२ जानेवारी

बारकीस,

आशीर्वाद. सातपटीचं वाचून ऊर भरून आला. देवापुढे तुझं पत्र ठेवलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. डॉक्टरची ओळही वाचली, नाही असं नाही. पण ती बिचारी एक ओळ, आणि साल अख्खा परिच्छेद.

घरकामाच्या जनुकाचं कळून बरं वाटलं. म्हणजे आतसुद्धा एकजण राबतोच, आणि बाकीच्यांची हुशारी त्याच्याशी ताडून ठरते. तुमच्या छापील लेखांत त्याचं नाव वर येतं का गं? आलं तरी शेवटच्या पानावर, बारीक टायपात असेल.

तर शेजारीण साली खायला लागली आहे. मी म्हटलं खा, विकतचं काही नाही, उलट टाकायचं ते कामी येतं. कोपऱ्यावरचा रसवाला मला पिशवी भरून देतो, म्हणजे मी तिच्यासाठी आणते. काही कच्च्या चावते, काही उकळून पाणी पिते, उरलेल्या वाळवून पूड करते. तोंड कडू पडलंय आणि त्यामुळे बोलणंही जरा कडू येतं, असं तिचे यजमान म्हणतात. पोटाची थोडी तक्रार आहे. पण औषध म्हटलं की तेवढं व्हायचंच.

गाठ अजून आहे. पण जरा शरमल्यासारखी वाटते, असं तिचं म्हणणं.

एक शंका. एवढ्या सालीनं सातपट, तर दुप्पट सालीनं चौदापट का? तुझं मशीन काय म्हणतं ते कळव. डॉक्टरची आता घाई नको असं तिला वाटतं. घरात सातपट आवर असल्यावर गाठीची काय बिशाद.

तुझी,
वहिनी

२७ जानेवारी

बारके,

मला पत्र लिहायची सवय नाही, पण फोनवर बोललो तर तुझी वहिनी ऐकते.

तू तिला काय सांगून ठेवलं आहेस? गच्चीत चादर घालून संत्र्याच्या साली वाळत घातल्या आहेत. माझ्या चष्म्याच्या घराला वास, उशीला वास. मिक्सरमधून सालीची पूड निघते आहे. दोन दिवस पोट धरून पडून होती. डॉक्टरकडे चल म्हटलं तर अंगावर आली. हे सगळं शेजारणीसाठी आहे म्हणते.

मी विचारलं, कोण शेजारीण? आपल्या एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा राहतो, त्याचं लग्न झालेलं नाही. दुसऱ्या बाजूला जिना आहे. यावर ती म्हणाली, तुमचं घरात लक्षच नसतं.

मला वाटतं ती साबण काढायच्या विचारात आहे. नाहीतर मुरंबा. खूळ तू लावलंस, तूच काढ. मी लिहिलं हे सांगू नकोस.

दादा

२ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. सोबतचं बंद पाकीट शेजारणीला द्या. तुम्ही उघडू नका. तिला वाचून दाखवायची वेळ आलीच, तर डोळे मिटून वाचा.

बारकी

शेजारीणबाई,

नमस्कार. आपली भेट नाही, पण वहिनींनी तुमच्याविषयी इतकं चांगलं लिहिलं आहे की परक्या वाटत नाही.

साली खाणं आजपासून बंद करा. हे पत्र वाचून होईपर्यंत हातातली आहे तीसुद्धा खाली ठेवा.

तुमचं पोट बिघडल्याचं कळलं. कसं कळलं ते विचारू नका. प्रयोग एकदा केला, पुन्हा करून बघितला नाही, आणि घरच्या पत्रात सातपट लिहून मोकळी झाले. इथे आकडा चुकला तर फार तर सर रागावतात. तिथे कोणीतरी तो खात बसलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग सगळं पहिल्यापासून केलं. लंबूला शेजारी बसवलं. त्यानं विचारलं, घरकामाचा जनुक तपासलास का? मी म्हटलं, त्याला काय तपासायचं, तो तर असतोच. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. लंबूचं बघत राहणं फार वाईट असतं.

तपासला. सालीच्या ताटल्यांमध्ये तोच सातव्या हिश्श्यावर आला होता. गाठींना आवर घालणारा जनुक होता तिथेच होता, तसूभर हलला नव्हता. मुलाला दाराच्या चौकटीशी उभं करून उंची मोजावी, पोर वाढलं म्हणून सगळ्यांना सांगत सुटावं, आणि मग कळावं की पोर तेवढंच आहे, चौकट खचली आहे. तसं झालं. सालीच्या अर्कानं पेशी अर्धमेल्या झाल्या होत्या. आमच्या ते लक्षात आलं नाही, कारण चौकटीकडे कोणी बघतच नाही. सगळे तिच्याशी पाठ लावून उभे राहतात, एवढंच.

आणि समजा सातपट खरं असतं, तरी ताटलीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे, आणि चावलेली साल म्हणजे अर्क नव्हे. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

तर डॉक्टर. ती आधी हातानं बघेल, मग फोटो काढेल, लागलं तर बारीक सुईनं कण घेईल. सुई टोचते, पण तुमच्यासारख्या बाईनं तिला भ्यावं असं काही नाही. गाठ साधी निघाली तर घरी या. साधी नसली तर लहान असताना सापडलेली बरी, मोठी व्हायची वाट बघण्यात कसलंच पुण्य नाही. देवाला सांगितलंत ते चांगलं केलंत. आता डॉक्टरलाही सांगा, देव राग मानणार नाही. जप दवाखान्याच्या बाकावरही होतो.

पण तुम्ही आजाराला भीत असाल असं मला वाटत नाही. मग कशाला भिता?

तुमच्या शेजारणीची नणंद

ता.क. सातपट चुकलं, हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगते आहे.

१० फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. मी शेजारीण. अक्षर तुमच्या वहिनींचं आहे, माझ्या हाताला लिहिण्याची सवय नाही. त्या डोळे मिटूनच लिहीत आहेत, म्हणून ओळी वरखाली गेल्या तर समजून घ्या.

साली बंद केल्या. वाळवलेल्या पुष्कळ उरल्या, त्या टाकवत नव्हत्या, म्हणून भांडी घासायला घेतल्या. भांडी छान निघतात. किती पट ते सांगत नाही, पटीवरचा माझा विश्वास उडाला आहे.

तुम्ही विचारलंत कशाला भिता. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या वहिनींनासुद्धा आत्ताच कळतं आहे.

माझ्या आईला अशीच गाठ झाली होती. ती गाठीनं गेली हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी कुजबुजीनं गेली. डॉक्टर माझ्या वडिलांना बाहेर बोलावून सांगायचे. वडील काकांना सांगायचे, काका सगळ्या घराला. आई सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी शाळेत जात होते, मलाही माहीत होतं. ती खोलीत आली की बोलणं थांबायचं आणि कोणीतरी उगाच खोकायचं. आधी तिच्या हातून भाजी चिरायचं काम काढून घेतलं, मग रांधायचं, मग कपाटाच्या किल्ल्या. सगळं मायेनंच. तू पड, तू पड. शेवटी घरात तिला विचारून होईल असं एक काम उरलं नाही. घरभर ती असून नसल्यासारखी झाली.

ताई, मरण देवाच्या हातात आहे, त्याचं मी बघत नाही. पण माझ्या घरात माझ्याच पाठीमागे कोणी हळू आवाजात बोलायला लागलं, तर ते मला सोसायचं नाही. डॉक्टरकडे पाऊल टाकलं की कुजबुज सुरू होणार. म्हणून पाऊल टाकत नाही.

तुमच्या मशीनवर आकडा येतो, तो आधी कोणाला सांगता? सरांच्या आधी मला सांगितलंत, म्हणून हे लिहायचा धीर झाला. माझी एकच अट आहे. जे काही निघेल ते आधी मला कळलं पाहिजे. यजमानांना नाही, तुम्हाला नाही, मला. हे जमत असेल तर मी येते.

शेजारीण

१६ फेब्रुवारी

शेजारीणबाई,

नमस्कार. अट मान्य.

इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडून तुमच्या गावातल्या त्यांच्या मैत्रिणीचा पत्ता घेतला आणि तिच्याशी स्वतः बोलले. तुमची अट सांगितली. ती म्हणाली, यात अट कसली, मी पेशंटशीच बोलते, नवरे बाहेर बाकावर बसतात. तपासणीचं पाकीट तुमच्या हातात पडेल. मनात वाचायचं की मोठ्यानं, तेही तुम्हीच ठरवायचं. गुरुवारी सकाळी वेळ घेतली आहे.

मी सरांना काल सांगितलं. तुमचं पत्र वाचल्यावर हळू बोलायची लाज वाटली, म्हणून दारातूनच सांगितलं, सातपट चुकलं, चौकट खचली होती. ते म्हणाले, बैठकीत सांगून बसलो की मी. मी म्हटलं, हो. शेवटी म्हणाले, पुन्हा करा, आणि या खेपेला चार चौकटी लावा, एक खचली तरी तीन उभ्या राहतील. माझी नोकरी टिकेल असं लंबूला वाटतं. त्यानं तसं शब्दांत सांगितलं नाही, पण माझ्याकडे बघत राहिला नाही.

गुरुवारी सोबत कोणीतरी हवं. तुम्हाला नणंद असेलच. तिला न्या. नणंदा तोंडाच्या फटकळ असतात, दवाखान्यात तेच उपयोगी पडतं. ती बुधवारी संध्याकाळी पोचेल. तिच्यासाठी वेगळं काही करत बसू नका. केलंत तर ती नको म्हणणार नाही.

आणि यजमानांना सांगून टाका. तुम्ही साबणाचा कारखाना काढताय, अशा समजुतीत आहेत ते.

बारकी

१९ मार्च

बारकीस,

आशीर्वाद. तू पोचल्याचा फोन आला, पण तो दादानंच घेतला, तेव्हा पुन्हा पत्र.

मी बरी आहे. ऑपरेशनचे टाके सुकले. हात कानापर्यंत जातो, दोरीपर्यंत अजून जात नाही, म्हणून कपडे तुझा दादा वाळत घालतो. सदरे उलटे, बाह्या एकमेकींत अडकलेल्या, चिमटे भलतीकडेच. मी खुर्चीवर बसून जप करते आणि दोरीकडे बघते. देवाच्या नावात मधूनमधून त्याचं नाव मिसळतं.

शेजारणीचं विचारशील, तर ती गेली. फारसं सामान नव्हतंच तिचं.

काल काढलेल्या गाठीच्या तपासणीचं पाकीट घ्यायला बोलावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते माझ्या हातात दिलं. तुझा दादा आत आला होता आणि मान लांब करत होता, त्याला पाणी आणायला पिटाळलं. मी वाचलं. मॅट्रिकच्या जोरावर निम्मं कळलं, उरलेलं बाईंनी बोट ठेवून समजावलं. गाठ वाईट जातीचीच होती. पण लहान होती, सगळीच्या सगळी निघाली, कडा स्वच्छ आहेत, काखेत काही गेलेलं नाही. आता काही आठवडे किरण घ्यायचे आणि एक गोळी बरीच वर्षं चालू ठेवायची. ऐकून हातपाय गार पडले, खोटं कशाला सांगू. पण माझे मला गार पडले, दुसऱ्या कोणाच्या तोंडावर बघून पडले नाहीत. मग दादा पाणी घेऊन आला. त्याला मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवलं. पाणी त्यानंच प्यायलं.

बाईंनी विचारलं, गाठीचा तुकडा उरला आहे, अभ्यासाला दिला तर चालेल का? मी म्हटलं, उरलेलं टाकायची आमच्याकडे रीत नाही, खुशाल द्या. सही केली. त्यावर नाव लावत नाहीत म्हणे, नुसता क्रमांक. म्हणजे तो फिरत फिरत तुझ्याच टेबलावर आला तरी तुला ओळखू यायचा नाही. बरंच आहे. नाहीतर हातमोजे घालून रडत बसशील आणि तुझ्या चिठ्ठ्या विरघळतील. मोजताना चौकटी मात्र चार लाव.

स्वयंपाक मीच करते. तू गेल्या दिवशी दादानं मला पड, पड म्हणून पाहिलं. मी त्याच्यासमोर पातेलं ठेवलं आणि विचारलं, मीठ किती? त्याला सांगता येईना. तेव्हापासून गप्प आहे.

हे लिहिते आहे तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन आला. तुझ्या आत्याचा. तुझा दादा भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात धरून बोलतो आहे. नाही गं, साधीच होती, काही विशेष नाही, असं म्हणाला. मी पेन खाली ठेवलं आणि इथूनच सांगितलं, "मोठ्यानं बोला. साधी नव्हती, वाईट होती. लहान होती, निघाली. नीट सांगा तिला."

मग त्यानं घसा खाकरला, माझ्या खोलीकडे तोंड फिरवलं आणि शब्द न् शब्द सांगितलं. जिन्यात ऐकू गेलं असेल.

तुझी,
वहिनी